तुम्ही विचारलंत म्हणून: उतरवलेला थर परत का येत नाही?

"उत्खननात इतकी वर्षं काढलेली बाई मुलांना कॉम्प्युटर गेम खेळायला कशी लावते?" पालक विचारतात, शिक्षक विचारतात, जुने सहकारी तर नाराजीनेच विचारतात. आणि ज्यांनी गेम पाहिलाय ते पुढचं विचारतात, "त्यात पुन्हा सुरू करायचं बटण का नाही?" दुसऱ्याचं उत्तर दिलं की पहिल्याचं आपोआप मिळेल.

मुलांना साइटवर नेते मी. पण तिथे ती बघतात, खणू शकत नाहीत. प्राचीन स्मारकं आणि स्थळं जपण्यासाठीच्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे संरक्षित जागी परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही आणि ते योग्यच आहे. मग पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलाला दिसतं काय? राखट माती, बाभळी, पायाखाली खापरं. आतले थर मी फळ्यावर काढून दाखवायचे तेव्हा मागचे बाक जांभया देत असत.

आमचा गेम इनामगाववर बेतलेला आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातलं, गाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलं. मुलाने एक चौकोनी खड्डा घ्यायचा आणि थर उतरवत जायचं. काही सापडलं की खोली, थर, आजूबाजूला काय होतं हे नोंदवायचं, फोटो घ्यायचा, मगच उचलायचं. गुण नोंदीला आहेत. उतरवलेला थर परत येत नाही.

एका शाळेत एक मुलगा होता, हात भलताच चपळ. नोंदी सोडून तो भराभर खाली गेला. त्याला दोन कुंभ सापडले, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. इनामगावात लहान बाळांना असंच, घराच्या जमिनीखाली पुरत. त्याने दोन्ही उचलले. शेजारच्या मुलीलाही तसेच कुंभ मिळाले होते, पण तिने वरची जमीन नोंदवली होती, चूल कुठे ते लिहिलं होतं. तिच्या पडद्यावर ते घर उभं राहिलं. याचे कुंभ कोठारात गेले, खाली ओळ आली: "स्थान माहीत नाही."

तो माझ्याकडे आला. "मॅडम, माझं बाळ कुठल्या घरातलं होतं?"

मी म्हटलं, "आता नाही कळणार."

"मग परत सुरू करून द्या."

ते होत नाही म्हटल्यावर तो सगळ्या वर्गासमोर रडला. हुंदके देऊन. वर्गशिक्षिका त्याला जवळ घेऊन मला म्हणाल्या, "गेमच आहे ना हा? एवढं काय त्यात?" पुढे शाळेने कळवलं, बटण द्या, नाहीतर येऊ नका. मी दिलं नाही. मला परत बोलावणं आलं नाही.

बटण दिलं असतं तर ते पुरातत्त्व राहिलं नसतं. आम्ही जे खणतो ते खणतानाच नष्ट करतो. उरते ती नोंदवही. हे मी कितीही भाषणांतून सांगितलं तरी त्या मुलाला जेवढं कळलं तेवढं कुणाला कळलेलं नाही.

पण सुरुवातीची मी, शाळांतून नुसती चित्रं दाखवत फिरणारी, हे ऐकून घेत नाही. ती म्हणते, आधी गोडी लागू दे, हळहळ नंतर. एज ऑफ एम्पायर्स या गेममध्ये हरलेली लढाई पुन्हा पुन्हा खेळूनच कितीतरी मुलं इतिहासाकडे वळली. असॅसिन्स क्रीड या दुसऱ्या गेमवाल्यांनी २०१८ मध्ये मारामारी काढून टाकून प्राचीन इजिप्तमध्ये नुसतं हिंडायची सोय केली. तिथे रडायला कुणाला लागलं? मी तिला सांगते, तिथे भूतकाळ आयता उभा असतो. तो आपल्याला कळला कसा, हे त्या हिंडण्यात हाताला लागत नाही. ती विचारते, आणि तो मुलगा? त्याने पुन्हा खापराकडे पाहिलं असेल का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो मला पुन्हा भेटला नाही.

गेम लिहिणाऱ्या मुलांनी आता आधी एक सरावाचा खड्डा करून ठेवलाय, त्यात सगळं परत घेता येतं. मला वाटतं, तो दिला की मुलं खऱ्या खड्ड्यातही तशीच खणतील. त्यांना वाटतं, मी उगाच कठोर होते आहे. पुढच्या शाळेत तो ठेवायचा की नाही, यावर आमचं अजून जमलेलं नाही.