सुईला कोपरे दाखवताना

कोरेगावला आजी वाकळ शिवायला बसली, की सारवलेल्या अंगणात जुनं लुगडं अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची. मग काठापासून धावदोरा घालत आत आत सरकायची. मी इथे अमेरिकेत, केंटकीत, लाँगआर्म नावाच्या मोठ्या शिलाई मशीनवर क्विल्ट, म्हणजे इथली वाकळ, शिवते. नक्षी कॉम्प्युटर शिवतो असं आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मग तू काय करतीस गं?"

मी कोपरे दाखवते.

चौकोन जोडून केलेलं वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर चौकटीच्या दांड्यांवर ताणलेलं असतं. मशीनचं डोकं त्यावरून चाकांवर फिरतं. कॉम्प्युटरला कापड दिसत नाही. म्हणून मी डोकं हाताने ओढून सुई चौकोनाच्या कोपऱ्यावर आणते आणि बटण दाबते. तसे चार बिंदू नोंदवले, की त्यांच्या आत तो नक्षी बसवतो.

कागदावर चौकोन 12 इंचांचा असतो. तुकडे जोडून झालेला मात्र एका बाजूला पावणेबाराच भरतो, कधी एक कोपरा तिरका जातो. सुरुवातीला मी नुसता आकडा टाकायचे. एका बाळाच्या क्विल्टवर नक्षीतली पाकळी शिवणीपलीकडे गेली. इंचाला दहा-बारा टाके. उसवायला अख्खी दुपार गेली. आता बिंदू शिवणीपासून पाव इंच आत घेते, आणि शिवण्याआधी सुई वर ठेवून डोकं त्या हद्दीवरून फिरवून बघते. इथल्या पडूका शहरात 1991 पासून क्विल्टचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे गेले तरी माझी नजर आधी कोपऱ्यांवर जाते.

सगळे चौकोन सकाळीच आखून ठेवावेत असं वाटतं, पण ते टिकत नाही. टाके पडले की कापड आवळतं आणि शेजारचा कोपरा जरासा सरकतो. म्हणून एक चौकोन शिवायचा, मगच पुढच्याचे कोपरे घ्यायचे. कापड दांड्यावर गुंडाळून पुढे घेतलं, की आधीच्या नोंदी जुळत नाहीत. सलग नक्षी असेल तर मागच्या ओळीतल्या ओळखीच्या टाक्यावर सुई आणून पुन्हा जुळवायचं. हे चुकलं तर दोन ओळींमध्ये फट पडते, आणि ती अंथरुणावर लांबूनही दिसते.

गेल्या महिन्यात आईने व्हिडिओवर आजीची वाकळ दाखवली. मी तिला टेपने मोजायला लावली. एक बाजू दोन बोटं कमी भरली, तरी धावदोऱ्याच्या ओळी चारी काठांना धरून होत्या.

"आजी मोजायची कशानं?"

"वितीनं. आन् एक फेरा झाला की परत मोजायची."