टेक्सासच्या डान्स हॉलला पहिल्यांदा जाताय? बुटांचे तळ बघा आणि सम विसरा

रविवार सकाळ आहे, उजव्या गुडघ्यावर बर्फ ठेवून हे लिहितेय. जायच्या आधी यातलं एकही वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातली मैत्रीण एवढंच म्हणाली होती की अगं तुला गरबा येतो ना, मग झालं, तसंच गोल फिरायचं. फिरायची दिशा तीच, घड्याळाच्या उलटी, तेवढं खरं. बाकी काही म्हणजे काही सारखं नाही.

मी आणि नवरा ऑस्टिनजवळच्या एका हॉलला शुक्रवारी गेलो, नाव लिहीत नाही. वेबसाइटवर होतं की तिकिटात शिकवणी धरलेली आहे. दारात कळलं तिकीट पंधरा डॉलर माणशी आणि शिकवणीचे दहा वेगळे, तेही फक्त रोख, आणि आतल्या एटीएमने वर चार डॉलर कापले. म्हणजे एक पाऊल टाकायच्या आत चौपन्न डॉलर गेले. आधी फोन करून शिकवणी धरलीये का आणि कार्ड चालतं का, दोन्ही विचारा, आणि तरीही वीस-वीसच्या नोटा खिशात ठेवाच.

आता मुख्य मुद्दा, टू-स्टेप, म्हणजे जोडीने हॉलभर गोल फिरत करायचा नाच. शिकवणारी बाई ओरडत असते क्विक क्विक स्लो स्लो. क्विकला एक मात्रा, स्लोला दोन, म्हणजे पावलांचं एक आवर्तन सहा मात्रांचं. आणि गाणं असतं सरळ चार-चारचं, आपल्या कानाला चक्क आठ मात्रांचा केरवा. थोडक्यात गाणं केरव्यात आणि पाय दादऱ्यात! मी लहानपणी चार वर्षं तबल्याच्या क्लासला गेलेय, त्यामुळे माझा पाय दर वेळी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला बघायचा, मी मध्येच एक पाऊल गाळायचे आणि नवऱ्याच्या बुटावर चढायचे. वीस मिनिटं हेच. मला वाटत होतं मीच चुकतेय, रडू यायचं बाकी होतं. मग बाहेर जाऊन बोटांवर मोजलं तेव्हा उलगडलं, पावलांची चार आवर्तनं झाली की चोवीस मात्रा होतात, तेव्हा कुठे केरव्याची सम आणि पहिलं क्विक एकत्र येतं. मधे ते जुळतच नाही आणि जुळवायचंही नसतं. हे एक वाक्य शिकवणीत सांगितलं असतं तर माझा अख्खा तास वाचला असता. ज्यांचा कान तालात तयार आहे त्यांनी सम सोडून द्या, फक्त मात्रा धरा. वॉल्ट्झ लागला की मात्र नक्की उठा, तो तीन-तीनचा असतो, पाय आपोआप पडतात.

दुसरी गोष्ट, बाईला जवळजवळ सगळा वेळ उलटं चालावं लागतं. पुरुष डाव्या पायाने पुढे, आपण उजव्याने मागे, आणि मागे काय चाललंय ते दिसत नाही. स्टेजच्या उजवीकडचा कोपरा फार वाईट, तिथे बँडचे फोटो काढणारे फ्लोअरवरच उभे होते, नवरा नवशिका, त्याने ऐनवेळी वळवलं, माझ्या स्निकरचा रबरी तळ जागीच चिकटला आणि गुडघा एकटा फिरला. रबरी तळ अजिबात नको, म्हणजे नकोच. नवे काउबॉय बूट घ्यायचीही घाई करू नका, चामड्याच्या तळाचे जुने ऑफिसचे शूज चालतात. कोल्हापुरीचा तळ चामड्याचा असला तरी मागे पट्टा नाही, ती सुटणार.

फ्लोअरचे नियम कुठे लिहिलेले दिसले नाहीत म्हणून सांगते. बाहेरची कड जलद जाणाऱ्यांची, आतली हळू जाणाऱ्यांची, लाइन डान्सवाले, म्हणजे जोडीशिवाय रांगेत नाचणारे, मधोमध. ग्लास घेऊन जायचं नाही, मधून आडवं चालायचं नाही, चुकलात तर थांबू नका, चालत चालत आत सरका.

अनोळखी माणूस नाचायला विचारतो, एका गाण्यापुरतं, नाही म्हटलं तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. पण माझं ऐका, हो म्हणा. सत्तरीच्या पुढचे एक काका आले, जीन्सला इस्त्रीची धारदार घडी. त्यांचा पंजा माझ्या खांद्याच्या पात्यावर होता, आणि तोच कोपरा यायच्या दोन पावलं आधी दोन बोटं किंचित दाबली गेली, बस, मी वळले होते. मोजलं नाही, मागे बघितलं नाही, गुडघ्याचं भानही नव्हतं. गाणं संपल्यावर टेबलापर्यंत सोडलं, टोपीला हात लावला आणि गेले. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या जर्मन आणि चेक लोकांनी असे हॉल बांधले, पोल्का आणि वॉल्ट्झ तेव्हापासूनचे, आणि त्या काकांकडे बघून ते पटतं.

शनिवारी न्यू ब्रॉनफेल्सच्या ग्रीन हॉलला गेलो, 1878 चा आहे, छान झालं. Gruene हे स्पेलिंग बघून ग्रुएन म्हणू नका. तिथे एसी नाही, बाजूच्या झडपा उघड्या असतात, सुती कपडे घाला आणि रुमाल दोन न्या. मी बसूनच ऐकलं, गुडघा सुजला होता.

नवऱ्यांसाठी एकच, कोपऱ्यात वळवायचं असेल तर दोन पावलं आधी हाताने सांगा, तोंडाने नाही, बँडपुढे काही ऐकू येत नाही.