‘वही घरी राहिली’ आणि त्यापुढचं

गृहपाठ झाला नाही की कारण तयार असतं. आपल्या शाळेतले चांगले शिक्षक ते कारण नुसतं ऐकून सोडत नसत आणि त्यावरून पोराला वर्गासमोर उघडंही पाडत नसत. कारण तपासायचं, खरं निघालं तर मानायचं, आणि काही झालं तरी राहिलेलं काम त्याच दिवशी करून घ्यायचं, ही त्यांची रीत. पुढे मीही शिकवण्याच्या पेशात आलो आणि ही रीत किती विचाराने बसवली होती ते कळलं. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत तिची नोंद राहावी म्हणून हे लिहितो आहे.

कोकणातली शाळा म्हटल्यावर जून ते सप्टेंबर पहिला मान पावसाचा. ‘सर, वही भिजली, सगळं पुसलं.’ सर वही हातात घेऊन मागची पानं उलटायचे. बॉलपेनची शाई तेलकट. वही चिंब झाली तरी अक्षर जागेवर राहतं. शाईपेनचं निळं अक्षर मात्र चार थेंबांनीही पसरतं. त्यामुळे आदल्या आठवड्याचं बॉलपेनचं लिखाण ठळक आणि कालचं पान तेवढं कोरं असेल, तर ते पावसाचं काम नव्हे. खरोखर भिजलेली वही कडेकडून फुगते, पानं एकमेकांना धरून बसतात. अशी वही आली की बाई ती ठेवून घ्यायच्या. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, सुटतील तिथे दर आठ-दहा पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, आणि वही जवळजवळ सुकल्यावरच वर वजन ठेवायचं. वही सुकली की परत मिळायची आणि तोवरचा गृहपाठ सुट्या फुलस्केपवर चालायचा.

‘धाकट्या भावाने पान फाडलं’ हे कारण शिक्षकांना सहसा खोटंच वाटतं. ते पडताळण्याची एक सोपी युक्ती आहे आणि ती पोराच्या बाजूने साक्ष देते. बॉलपेन दाबून लिहिलं की खालच्या पानावर वळ उमटतात. पान गेलं तरी वळ राहतात. वही खिडकीपाशी तिरपी धरली की गणिताची मांडणी, बेरजेच्या रेघा, कधी कधी उत्तरसुद्धा वाचता येतं. शिवाय मध्ये पिना मारलेल्या वहीचं एक पान मुळापासून फाडलं की दुसऱ्या अर्ध्यातलं त्याचं जोडपान सैल होतं. वळ दिसले की सर तिथेच तारीख घालून सही करायचे. ज्या मुलाचं खरं कारण असं मानलं गेलं, ते पुढे खोटं सांगायला सहसा धजत नाही.

लाईटचं कारण तपासणं त्याहून सोपं. एका वाडीची लाईन एकच. वाऱ्याने फांदी पडली तर सगळी वाडी अंधारात. त्याच वाडीतल्या आणखी दोघांना विचारलं की झालं. पण हे विचारणं मधल्या सुट्टीत, बाजूला घेऊन. भर वर्गात विचारलं तर ती दोघं एक तर मित्राला वाचवतात, नाही तर अडकवतात, आणि दोन्ही वाईटच.

सगळ्यात जास्त चालणारं कारण म्हणजे ‘वही घरी राहिली’. त्यावर गणिताच्या सरांचं उत्तर ठरलेलं होतं: ‘हरकत नाही, पहिलं आणि चौथं उदाहरण आत्ता कागदावर करून दाखव.’ घरी केलेलं असेल तर पाच मिनिटांत पुन्हा होतं. केलेलं नसेल तर पोरगं नेमकं कुठे अडलं ते सरांना दिसतं, आणि खरी मेख तिथेच असते. सरळव्याज घ्या. व्याज म्हणजे मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले 100. पहिली तीन उदाहरणं वर्षांची, ती होतात. चौथ्यात 1200 रुपये, द.सा.द.शे. 10, मुदत 9 महिने. पोरगं मुदतीच्या जागी थेट 9 घालतं, व्याज येतं 1080 रुपये. पाठीमागचं उत्तर 90. दोन-तीनदा खोडतं, वही मिटतं, आणि सकाळी ती ‘घरी राहते’. महिन्यांना 12 ने भागून वर्षं करायची, एवढी एकच पायरी त्याला हवी होती.

म्हणून सरांनी नियम केला होता: जिथे अडेल तिथपर्यंत लिहायचं, समासात ‘इथे अडलं’ असं लिहून तारीख घालायची. तो गृहपाठ पूर्ण धरला जाईल. या एका नियमाने जितकी खोटी कारणं थांबली तितकी छडीने कधी थांबली नसती. छडीचे शिक्षकही होतेच. शिक्षण हक्क कायद्याने 1 एप्रिल 2010 पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, ते योग्यच झालं. ‘दहा वेळा लिहून आण’ ही शिक्षाही माझ्या मते वायाच जाते. मुलं वाक्य दहादा लिहीत नाहीत. पहिला शब्द उभा दहा वेळा, मग दुसरा उभा दहा वेळा. हात दुखतो, डोक्यात काही जात नाही.

काही कारणं मात्र तपासायचीच नसतात. जुलैत भातलावणी असते, तेव्हा घरातली सगळी माणसं शेतात. गणपतीत रात्रभर भजन-आरत्या. त्या दिवसांत बाई लेखी काहीच देत नसत. कविता पाठ करा म्हणायच्या, ती आवण म्हणजे भाताची रोपं काढताना किंवा एसटीतही होते. दिवाळीच्या अभ्यासाचं वेगळं. तो शेवटच्या दोन दिवसांत उरकला की लगेच कळतो: पंधरा तारखा, पण पेन एकच आणि अक्षर शेवटाकडे उतरत गेलेलं. त्यावर रोज अर्धंच पान आणि वर त्या दिवशीची घरातली एक नोंद, असा तोडगा होता. कोण आलं, काय केलं, ते मागाहून पंधरा दिवसांचं रचणं लिहिण्यापेक्षा अवघड.

हे सगळं जमायचं कारण वह्या खरंच तपासल्या जायच्या. वर्गात 60 मुलं, एका वहीला एक मिनिट धरलं तरी तास लागतो, आणि आपला तास 35 मिनिटांचा. म्हणून रोज एकच रांग: वर्गप्रमुखाने हजेरी क्रमांकाने, गृहपाठाचं पान उघडं ठेवून गठ्ठा लावायचा, ऑफ तासाला तपासणी, शाळा सुटण्याआधी वाटप. जिथे महिनाभर सही पडत नाही तिथे मुलं लिहिणं सोडतात, आणि मग कारणं विचारण्यात अर्थ नसतो.

सध्याच्या शिक्षकांना एक विनंती. गृहपाठ आता व्हॉट्सॲपवर जातो. ‘फोन बाबांकडे असतो, ते रात्री उशिरा येतात’ हे कारण बऱ्याच घरांत खरं आहे. गृहपाठ फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिणं चालू ठेवा, आणि तास संपायच्या पाच मिनिटं आधी लिहा. घंटा झाल्यावर लिहिलेला अर्ध्या वर्गाच्या वहीत उतरत नाही.