मोह, हुर्राक आणि पणजीत पायी फिरलेली एक संध्याकाळ

आज पहाटे मायसोबत मोह वेचायला गेलो, खूप वर्षांनी गेलो. या दिवसांत आमच्या गावात सकाळी घरी कोणी सापडतच नाही, सगळे झाडाखाली, कारण मोह पहाटे गळतो आणि ऊन चढायच्या आत उचलावा लागतो, नाहीतर ढोरं खाऊन टाकतात, अस्वलाची भीती वेगळीच. वाकून वाकून कंबर दुखायला लागली, टोपली अर्धीही भरली नव्हती, आणि तो गोड, थोडा आंबूस वास नाकात बसला तसा मी डायरेक्ट पणजीत पोचलो. पंधरा दिवसांपूर्वी तिथल्या एका छोट्या बारमध्ये ग्लास तोंडाजवळ नेला तेव्हा अगदी असंच झालं होतं, फक्त उलट, तेव्हा नाकात काजूचा वास आणि डोळ्यापुढं हे झाड.

मी गडचिरोली जिल्ह्यातला, आरमोरीच्या पलीकडे जंगलाला लागून गाव आहे. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. दारू म्हटलं की लहानपणापासून माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र येते, कोणाच्या तरी घरामागं, कुडाच्या आड, अंधारात उभा असलेला माणूस, ग्लास लावला तोंडाला, एका दमात खाली, पैसे दिले आणि निघाला. पोलीस येतील, बाया येतील, पोरगं पाहील, म्हणून सगळी घाई. गोंड लोकांच्या देवाच्या कामात, लग्नात, मरणात मोहाची लागतेच, आधी भुईवर थेंब सांडून देवाला देतात आणि मग पितात, ती गोष्ट निराळी, तिथं मान आहे. पण एरवी लाइट लावलेल्या खोलीत खुर्चीवर बसून, शेजारच्याशी बोलत, हळूहळू पिणारा माणूस मी माझ्या गावात पाहिला नव्हता. आणि ते पाहायलाच मी गेलो होतो असं आता मला वाटते.

माझा चुलतभाऊ पणजीत एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. दरवर्षी फोन करतो, "दादा, हुर्राकचा सीझन लागला, ये गा एकदा." हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू. यावर्षी धान विकून हात मोकळा होता, नागपूरहून मडगावची गाडी धरली, एक अख्खा दिवस-रात्र बसून मडगाव आणि तिथून बसनं पणजी. भावानं संध्याकाळची सुट्टी घेतली होती आणि त्याच्या अटी ठरलेल्या होत्या. गाडी नाही, सगळं पायी. एका ठिकाणी एकच ग्लास. दोन ठिकाणांच्या मधी काहीतरी खायचं आणि पाणी प्यायचं. आणि तो स्वतः पूर्ण संध्याकाळीत फक्त दोन घेणार. काऊन ते मी विचारलं नाही. माझा काका म्हणजे त्याचा बाप दारूतच गेला, पोरगा तेव्हा नववीत होता, खांदा द्यायला मी होतो.

कदंबा बसस्टँडवरून निघालो, खाडीवरचा पूल ओलांडला की फोंतेन्यास. जुन्या पोर्तुगीज काळातली वस्ती, लाल, पिवळी, निळी घरं, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या लावलेल्या, गल्ल्या इतक्या बारीक की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. फोंतेन्यास म्हणजे छोटे झरे, डोंगराच्या पायथ्याशी मळा भागात झरा आहे त्यावरून नाव पडलं. अशा गावात पायीच फिरावं हे दहा मिनिटांत कळते, कारण बारला बोर्डसुद्धा धड नसतो, अर्ध्या दारातून उजेड आणि बोलण्याचा आवाज आला की समजायचं.

पहिलं दुकान एका म्हाताऱ्या बाईचं. चार टेबलं, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्यापुढं छोटा लाल बल्ब, कपाटात जाड काचेच्या मोठ्या बाटल्या. भाऊ तिला आंटी म्हणतो. तिनं पाण्याच्या साध्या प्लास्टिक बाटलीतून हुर्राक ओतला, वरून लिम्का, लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची टाकली. मी पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून दिला. धुराचा वास, पिकलेल्या फळाचा वास, आणि मागून ती आंबूस गोडी. माझ्या आजीच्या घरात मोहाची फुलं वाळत घातली की जो वास असायचा त्याचा हा सख्खा भाऊ.

मी तिला विचारत गेलो आणि ती आपल्या कोकणी-मराठीत सांगत गेली. काजूचं बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलंच उचलायचं. हे ऐकून माझ्या अंगावर काटाच आला, कारण मोहही तसाच, झाडाला हात लावायचा नाही, ते देईल ते भुईवरून घ्यायचं. बोंडं तुडवून रस काढतात, तो तीन-चार दिवस आपोआप आंबतो, वरून खमीर वगैरे टाकत नाहीत. मग भट्टीवर चढवून पहिल्यांदा निघतो तो हुर्राक, हलका असतो, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास. तो पुन्हा रसात मिसळून गाळला की फेणी, ती चाळीस टक्क्यांच्या वर जाते. हुर्राक टिकत नाही म्हणून उन्हाळ्यातच प्यायचा, पावसाळा आला की संपला. आमच्याकडे फुलं वाळवून ठेवता येतात म्हणून वर्षभर चालते, एवढाच काय तो फरक, बाकी मडकं, भिजवणं, जाळ, वर थंड पाण्याचं भांडं, नळीतून थेंब थेंब, सगळं ओळखीचं. आणि काजू तरी कुठं तिथला आहे, पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून आणला. मोह तर आमच्या जंगलात माणसाच्या आधीपासून उभा आहे.

आम्ही उठायच्या आधी एक गोष्ट झाली ती सांगतो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक माणूस होता, वयानं पन्नाशीचा, त्यानं आणखी एक मागितला. आंटीनं त्याच्याकडं पाहिलं, नाही म्हणाली, घरी जेवायला जा. तो दोन मिनिटं कुरकुरला, मग उठला, तिला पैसे दिले आणि चपला घालून गेला. कोणी हसलं नाही. भाऊ त्या माणसाच्या पाठीकडं बघतच राहिला होता.

दुसरं ठिकाण त्याच वस्तीतला जोसेफ बार. एवढीशी खोली आहे, आत जेमतेम काही माणसं मावतात, म्हणून सगळी गर्दी ग्लास घेऊन गल्लीत उभी. तिथं फेणी घेतली, कोकमाच्या रसात, रंग एकदम जांभळट लाल. पोरंपोरी, म्हातारे, बाहेरचे टुरिस्ट, सगळे एकाच गल्लीत, आणि पोरींकडं कोणी वळून वळून पाहत नव्हतं. मला खूप वेळ तिथं थांबावंसं वाटलं. भावानं चोरिस-पाव आणला, म्हणजे पावात गोव्याचं मसालेदार डुकराचं सॉसेज, तिखट एवढा की आमच्या सावजीवाल्यांनी मान डोलवावी.

मग चालत चर्चचा चौक, ते पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांचं चर्च रात्री लाइटमध्ये फारच सुंदर दिसते, तिथून खाली नदीकडं. वाटेत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा, संमोहनविद्येतला मोठा माणूस, आडव्या पडलेल्या बाईवर हात पसरून उभा आहे, अंधारात बघितला की थोडी भीती वाटते. पुढं बंदर खात्याची जेट्टी, मांडवीत कॅसिनोच्या बोटी झगमग करत उभ्या आणि खारा वारा. समुद्राचं तोंड तिथून जवळच. मी आयुष्यभर मामा तलावातले, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातले मासे खाल्ले, आमच्याकडं माशाचा वास म्हणजे चिखलाचा वास, इथं हवेतच मीठ आणि डिझेल.

फेरीबोटीनं पलीकडं बेतीला गेलो, पायी माणसाला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांचा रस्ता आहे पण मी कठड्याला धरून वैनगंगेचा डोंगा आठवत होतो, बाजाराच्या दिवशी माणसं, सायकली, कोंबड्या सगळं एका डोंग्यात असायचं. बेतीला लागूनच मालीमची मच्छी जेट्टी, ट्रॉलर एकाला एक खेटून बांधलेले. तिथला बार टुरिस्टांचा नाही, खलाशांचा. बाकडी, बर्फ, सुकट, उकडलेली अंडी. भावानं दुसरा ग्लास तिथंच घेतला.

आमच्या बाकड्यावर एक पोरगा बसला होता, पंचविशीचा, झारखंडचा, सिमडेगाकडचा. ट्रॉलरवर काम करतो. कुठून आलात विचारलं, मी गडचिरोली म्हटलं तर त्याला माहीत नव्हतं, मग मी म्हटलं आमच्याकडं मोहाचं जंगल आहे, महुआ. तो एकदम सरळ बसला. "महुआ?" म्हणाला, "घर पे अभी गिर रहा होगा." मग किती वेळ आम्ही महुआच बोललो. त्याची आई कशी वेचते, फुलं भाजून चिंचोक्यासोबत कशी खातात, आमच्याकडं वाळलेल्या फुलांच्या पोळ्या होतात, बियांचं तेल निघते, ते त्यांच्याकडंही निघते. गोव्यात मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हाच त्याला घरी जायला मिळते, आणि जूनपर्यंत मोह कधीचाच संपलेला असतो. पाच वर्षांत त्यानं झाडाखाली पडलेलं एक फूल पाहिलं नव्हतं. त्यानं मला त्याच्या ग्लासातला हुर्राक दाखवला आणि म्हणाला, "थोड़ा वैसा ही है, इसलिए पीता हूँ." मला पुढं काही बोलता आलं नाही.

परत येताना फेरीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचा वारसा म्हटलं, शेजारच्या मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला हेरिटेज म्हणून परवानगी आहे. आमच्याकडं पेपरात मोहाचं नाव येते ते 'मोहसडवा नष्ट' या हेडिंगखाली, सडवा म्हणजे दारूसाठी आंबत घातलेला मोह, ड्रम ओतून दिलेले आणि बाजूला उभे असलेले लोक. ज्या फुलानं दुष्काळात आमच्या आजा-पणज्यांना जगवलं त्याला सडवा म्हणतात, हा शब्द मला लागतो, खरंच लागतो. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यावर माणसं अजून भांडतात. पण मी बंदी उठवा असं म्हणून मोकळा होऊ शकत नाही. आमच्या गावात मडकी फोडणाऱ्या बायांमध्ये माझी माय पुढं होती. काका गेला त्या वर्षी तिनं ओढ्याच्या काठावरची भट्टी हातानं उपटली होती, तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. ती चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही. मला मोहाला आंटीच्या दुकानासारखी जागा हवी आहे, बल्ब असलेली, खुर्ची असलेली, जिथं बाई नाही म्हणाली की माणूस घरी जातो, आणि अशी जागा आमच्याकडं कशी तयार होईल हे मला सांगता येत नाही. भाऊ फेरीच्या कठड्याला टेकून म्हणाला, "बाबा अशा जागी बसले असते तं?" आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

आज झाडाखाली हे सगळं मायला सांगितलं. खलाशी पोराचं ऐकून तिनं हात थांबवला, म्हणाली, त्याले पाठवता येत नाही का रे थोडे वाळवून? मी म्हटलं पत्ता नाही. मग आंटीचं सांगितलं, त्या माणसाला कसं परत पाठवलं ते.

"दुकान बाईचं?"

"हो."

"अना तो तिचं आयकला?"

"आयकला. पैसे देऊन गेला."

माय बराच वेळ काही बोलली नाही, फुलं उचलत राहिली, मनगटाच्या डागावरून बांगड्या खालीवर होत होत्या. मग माझ्या टोपलीत डोकावली.

"एवढेसेच? ऊन चढून राह्यलं, हात उचल गा."