गाडी बदलायचं गाव

नागपूर स्टेशनवर उतरलेल्या माणसाला आम्ही हमखास विचारतो, ‘पुढं कुठं?’ त्याला इथंच यायचं असेल अशी शंका आम्हाला सहसा येत नाही. नम्रता वगैरे काही नाही, सवय आहे. 1867 मध्ये मुंबईकडून जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी इथवर आली, मग पूर्वेकडून बंगाल-नागपूर रेल्वे येऊन मिळाली. सावनेरच्या दगडाची स्टेशनची इमारत 1925 ची. त्यानंतर चारेक वर्षांत काझीपेठ-बल्लारशाह हा तुकडा जुळला आणि दिल्ली-मद्रासची वाटही आमच्या दारातून गेली. गावाचा धंदा ठरला: लोकांनी इथं गाडी बदलावी, आणि बदलताना चहा, संत्री, टांगा, जमलंच तर एका रात्रीचा मुक्काम, एवढं गावाला देऊन पुढं जावं.

मोठ्या गाड्यांचं कौतुक सगळेच करतात. माझा जीव अडकलाय तो छोट्या लाईनीत. बंगाल-नागपूर कंपनीनं दोन रुळांत अडीचच फुटांचं अंतर असलेली ही लाईन (नॅरोगेज) टाकून आसपासचा मुलूख नागपूरला बांधला. नागभीडची लाईन 1908 ची, छिंदवाड्याची त्यानंतर थोड्याच वर्षांनी झाली. भिवापूरची मिरची, उमरेडची लुगडी, नागभीडकडचा तांदूळ हे सगळं छोट्या डब्यांतून नागपूरच्या इतवारी स्टेशनात यायचं. छोटे डबे मोठ्या लाईनीवर चालत नाहीत, म्हणून पुढं जायचं तर छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात भरायचं. रेल्वेच्या भाषेत ट्रान्शिपमेंट. आमचे एक मावसआजोबा इतवारीला मालबाबू, म्हणजे मालाचे कारकून होते. मिरचीची पोती आली की अख्खा फलाट शिंकायचा, असं ते सांगायचे. हमाल तोंडाला दुपट्टा बांधून, बाबू नाकाला रुमाल लावून आणि गिऱ्हाईक लांब उभं राहून. त्या शिंकांवर किती घरं चालत होती, याचा हिशेब कुठल्याच पावतीत नसायचा.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा या लाईनीला बरे दिवस आले, हे ऐकायला वाईट वाटतं पण खरं आहे. देशातली इंजिनं आणि डबे जहाजांवर चढवून इराण-इराककडे पाठवले गेले, काही फाटे तर चक्क उखडून त्यांचे रूळ नेले. जे उरलं त्यावर आधी लष्कराचा हक्क. गरज असेल तरच प्रवास करा, असं रेल्वेच लोकांना सांगत होती. पण पेट्रोलला रेशन लागलं होतं. कोळशाच्या ग्यासवर इंजिन चालावं म्हणून मोटारमालकांनी गाडीच्या मागं भट्टी बसवली. क्लीनर पोरगं हात काळे होईस्तोवर पंखा फिरवायचं, तेव्हा कुठं ग्यास धरायचा. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. अशा मोटारीपेक्षा कोणीही शहाणा माणूस छोटी गाडी पकडणार. मावसआजोबांच्या शब्दांत, “पेट्रोल नव्हतं म्हणून आमची गाडी शहाणी होती. पेट्रोल आलं अन् लोकायले पाय फुटले.”

लढाई थांबली आणि डिस्पोजलचा माल निघाला. मिलिटरीचे ट्रक, जीपा, टायर, ताडपत्र्या, सगळं लिलावात. फौजेत ड्रायव्हरी शिकून परतलेले जवानही होतेच. पिढीजात सावकारी करणाऱ्या घरातला एखादा पोरगा एक डॉज ट्रक घ्यायचा, त्यावर लाकडी बॉडी चढवायचा, आणि ट्रान्सपोर्टवाला व्हायचा. ट्रकचं भाडं काही फार स्वस्त नव्हतं. वेगाचं म्हणाल तर तेव्हाच्या रस्त्यांवरून तोही हाडं मोजतच जायचा. पण तो भिवापूरच्या अडत्याच्या दारात उभा राहायचा आणि थेट नागपूरच्या अडत्याच्या दारात थांबायचा. मधे मालाची बदली नाही. पोतं एकदा चढलं, एकदा उतरलं. छोट्या लाईनीचा खरा वैरी हाच होता. तिला ट्रकनं शर्यतीत हरवलं असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. तिला हमालीनं हरवलं. दोन लाईनींच्या रुंदीतला फरक प्रत्येक पोत्यामागं कोणीतरी भरत होता, आणि आता न भरण्याची सोय झाली होती.

गंमत अशी, की एकीकडे बदली बुडत होती तेव्हाच गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवा कारखाना उघडला. सोनेगावचा विमानतळ लढाईत विमानांच्या मुक्कामाला वापरात होता. 1949 च्या जानेवारीत तिथून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही गावांहून रात्री डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. ही डाकोटाही लढाईचीच उरलेली. ज्या विमानांतून सैनिक आणि रसद जायची त्यांतून आता लग्नपत्रिका आणि मनिऑर्डरी जाऊ लागल्या. चार महानगरांचा पत्रव्यवहार रोज रात्री आमच्या गावात गाडी बदलत होता आणि आम्ही घोरत होतो. हे 1973 पर्यंत चाललं. मावसआजोबांना मात्र या सेवेचा फार राग. मुंबईचं पत्र रातोरात कलकत्त्याला जातं आणि उमरेडच्या बहिणीचं मला आठवड्यानं मिळतं, ही कुठली प्रगती, असं ते जेवताना हटकून काढायचे. त्यांचं गणित अगदीच चुकीचं होतं असं नाही म्हणता येणार.

1956 मध्ये राजधानीनंही इथूनच गाडी बदलली. तोवर नागपुरात असलेली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला उतरली आणि आम्हाला मुंबई राज्याच्या डब्यात बसवलं. त्याच फेरबदलात इथली प्रांतिक बससेवा मुंबई राज्याच्या एसटीत गेली. मग काय, छोट्या स्टेशनांच्या गावांत बसस्टँड झाले, आणि बाजारही हळूहळू तिकडे सरकला. स्टेशनरोड नावाचा रस्ता गावात राहिला, त्यावरची दुकानं मात्र उठून स्टँडसमोर गेली. नागभीड लाईनीवरच्या कुठल्याही गावात फिरून बघा: जुनी मोठी घरं रुळाकडे तोंड करून आहेत, नवी डांबरी रस्त्याकडे.

तरी छोटी गाडी मरायला पुढं साठेक वर्षं लागली. छिंदवाड्याची 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 च्या नोव्हेंबरात. शेवटच्या गाडीला हार घालायला, फोटो काढायला ही गर्दी! त्यांतले बरेच जण तिच्यात शेवटचे कधी बसले होते ते त्यांनाही आठवलं नसतं. खरा हक्क होता तो भाजीच्या टोपल्या घेऊन रोज इतवारी गाठणाऱ्या बायांचा आणि मजुरांचा, कारण बसच्या मानानं तिचं तिकीट फारच स्वस्त होतं. फोटोत त्या कुठं दिसल्या नाहीत. मोतीबागेत रेल्वेनं छोट्या लाईनीचं संग्रहालय केलंय 2002 पासून, तिथं इंजिनं छान रंगवून ठेवलीत. मुलांना जरूर दाखवावीत. शिंका तेवढ्या नाहीत तिथं.

आणि बदलीचं काय झालं? ती अमरावती रोडला वाडीकडे गेली. तिथली गोदामं बघा, उत्तरेचा माल दक्षिणेच्या गाडीत आणि मुंबईचा रायपूरच्या गाडीत दिवसरात्र चढतो-उतरतो. मोठ्या ट्रकमधून छोट्या टेम्पोत, म्हणजे मोठ्या लाईनीवरून छोट्या लाईनीवरच म्हणा ना. कॉम्प्युटरवर पावती निघते, खोक्यावर बारकोडच्या पट्ट्या असतात, मालबाबूला आता सुपरवायझर म्हणतात. हमाली मात्र अजून नगावरच ठरते, आणि तिच्या दरावरून रोज सकाळी पहिलं भांडण होतं.