मनू आधी नाही म्हणाला

आज दिवसभर महाभारतातल्या शांतिपर्वाचा ६७ वा अध्याय आणि बायबलमधलं 'उत्पत्ती' शेजारी ठेवून वाचलं. सृष्टिकथेला सामाजिक कराराची, म्हणजे राज्य लोकांच्या संमतीतून उभं राहतं या विचाराची, कसोटी लावायची तर आधी शोधायचं : करार कुणाकुणात, संमती कधी दिली, नकार देता येत होता का.

शांतिपर्वात मत्स्यन्यायाला, म्हणजे मोठा मासा लहानाला गिळतो तशा बेबंदशाहीला, विटलेले लोक ब्रह्मदेवाकडे जातात. तो मनूला पुढे करतो, आणि मनू चक्क नाही म्हणतो. राज्य केलं तर पाप लागेल ही त्याची भीती. मग लोक बोली करतात : पशू आणि सोन्याचा पन्नासावा भाग, धान्याचा दहावा, शिवाय पाप ज्याचं त्याच्याच माथी. मनूला नकार देता आला, म्हणून हा खरा करार.

आदामाचं तसं नाही. फळ न खाण्याची आज्ञा २:१७ ला, हव्वा घडते २:२२ ला. आज्ञा झाली तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती! नोहाशी झालेला 'करार'ही देवाचं एकतर्फी वचन आहे. 'करार' हा शब्द दिसला की लोक थेट सामाजिक कराराचा सिद्धांत मांडणाऱ्या इंग्रज विचारवंत हॉब्जपर्यंत उडी मारतात, गल्लत तिथेच होते. त्याच परंपरेतल्या लॉकने तर आदामाच्या वारशातून राजसत्ता काढणाऱ्या फिल्मरला खोडायला अख्खा पहिला प्रबंध खर्ची घातला.

ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताच्या १२ व्या ऋचेत चार वर्ण यज्ञातून थेट निघतात. विचारलेलं कुणालाच नाही. कोल्हापुरात हे पुस्तकात राहत नाही. इथे पंचगंगेवर शाहू महाराजांना शूद्र ठरवून वेदोक्त (वेदांतले) मंत्र नाकारले आणि पुराणोक्त (पुराणांतले) म्हटले गेले. त्याच महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या.