तो दगड त्या झाडाचा आहे

मागच्या मंगळवारी मी घरासमोरच्या झाडाशेजारच्या काळ्या दगडाला सायकल साखळीने बांधली. संध्याकाळी खाली उतरले तर तळमजल्यावरच्या आजी तिथेच उभ्या होत्या. आवाज चढवला नाही, पण ठामपणे म्हणाल्या, "सायकल काढा. तो दगड त्या झाडाचा आहे."

जर्मनीतल्या कासेल शहरात राहून दोन वर्षं झाली. असे कमरेएवढे दगड गल्लोगल्ली दिसतात. गाड्या आत येऊ नयेत म्हणून रोवले असतील, असं मी धरून चालले होते. त्या संध्याकाळी आजींनी सगळं सांगितलं.

१९८२ साली इथल्या 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनासाठी योझेफ बॉइस या कलावंताने संग्रहालयासमोरच्या चौकात बेसाल्टचे ७,००० दगड आणून ओतले. अट एकच: शहरात एक झाड लावायचं, तेव्हाच ढिगातला एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. झाडं लागेपर्यंत ढीग हलणार नाही. एका झाडासाठी ५०० मार्क देणगी घेत. लोक भयंकर चिडले. चौकाची शोभा गेली, गाड्या लावायची जागा गेली. कुणी तर दगडांना गुलाबी रंग फासला. मला हा ढीग फार थोर वाटतो. न केलेलं काम रोज जाता-येता डोळ्यांसमोर पडलेलं! भाषण ऐकून विसरता येतं, सात हजार दगड कसे विसरणार? १९८६ मध्ये बॉइस वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने शेवटचं झाड पहिल्या झाडाशेजारी लावलं आणि चौक रिकामा झाला.

रोप लावलं तेव्हा दगड मोठा आणि झाड काडीएवढं. आता आमच्या दारातलं झाड तिसऱ्या मजल्याच्या वर गेलंय, दगड होता तेवढाच. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. हे कळल्यापासून त्याच्यावरून हात फिरवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

झाड आणि दगड एकत्र नांदवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. वडापिंपळाला पार बांधणारे आपण. पण त्याच पारावरच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणारेही आपणच, आणि त्यावरून मी वर्षानुवर्षं काही न बोलता चालले. दोन लाख वस्तीच्या शहराला हे जमतं, आपल्या गर्दीत पाऊल ठेवायला जागा नसते, हेही खरंच आहे ना? आजींना मी हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या झाडांना पाणी कुठून मिळतं?"

मला उत्तर देता आलं नाही.

काल दारात त्यांची पत्र्याची झारी ठेवलेली दिसली. पाऊस नाही, आणि भरलेली झारी त्यांना आता उचलवत नाही. आज सकाळी चार खेपा घातल्या. आजी खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "बुंध्याशी नको, जरा लांब घाला, मुळं तिथे आहेत."